पारसच्या पेशी आणि कीर्तीचं लग्न

कीर्ती मगदूम दर आठवड्याला आपल्या भावाच्या पेशी उपाशी ठेवायची. भाऊ तिकडं तासगावजवळच्या गावात "आजून एक भाकरी दे की" म्हणून आईच्या मागं भुणभुण लावून बसलेला असायचा, आणि त्याच्या दंडाच्या कातडीतून काढलेल्या पेशी इकडं सांगलीत, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बशीत वाढत असायच्या. या पेशींना भरपूर खायला घातलं की त्या नुसत्या वाढत सुटतात. खाणं तोडलं की वाढ थांबते, आणि मग एकेकीच्या अंगावर एक तंतू उभा राहतो, केसाहून कितीतरी बारीक. पारसचं पोट जन्मात कधी भरलं नाही, आणि त्याच्या पेशी उपाशी ठेवल्याशिवाय कीर्तीला काही दिसायचं नाही. नशिबाला थट्टा सुचते ती अशी.

हा तंतू तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात असतो, जवळजवळ प्रत्येक पेशीला एक. बाहेर काय चाललंय ते पेशीला त्याच्यामुळं कळतं. डोळ्याला उजेड समजतो तो त्याच्या जिवावर, मूत्रपिंडं धड राहतात ती त्याच्या जिवावर, पोट भरल्याची खबर डोक्यात पोचते तीही त्याच्याच जिवावर. इतकंच काय, आईच्या पोटात हाताला बोटं किती फुटावीत तेसुद्धा तो बिघडला की बिघडतं. त्या तंतूच्या मुळाशी ठरावीक प्रथिनं बसलेली असावी लागतात. जकातनाक्यावरच्या माणसांसारखी ती आत काय सोडायचं आणि बाहेर काय काढायचं ते बघतात. पारसच्या अंगात त्यातलं एक प्रथिन तयार होत होतं, पण नाक्यावर पोचत नव्हतं.

कीर्तीचं काम म्हणजे ते प्रथिन पेशीत कुठं बसलंय ते शोधायचं. प्रथिनाला हिरवा रंग चढवायचा, तंतूला तांबडा, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावून पडद्यावर बघायचं. निरोगी माणसाच्या पेशीत तांबड्या रेघेच्या बुडाशी हिरवा ठिपका असायचा, नीट लावलेल्या टिकलीसारखा. पारसच्या पेशीत रेघ असायची, पण बुडखा रिकामा. हिरवं सगळं पेशीभर सांडलेलं. कीर्तीनं असले फोटो किती काढले त्याला गणती नाही.

आता हे इथवर कसं आलं ते सांगायला हवं. पारस जन्मला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना करंगळीशेजारी एकेक जादा बोट होतं, बिनहाडाचं, लोंबतं. गावची सुईण धोंडुबाई बाळाला पुसता पुसता थांबली. तिनं बाळंतिणीकडं, म्हणजे चंपाबाईकडं बघितलं. दोघींना बोलायची गरज पडली नाही. धोंडुबाईनं रेशमाचा दोरा आवळून ती बोटं गाळून टाकली आणि पाहुणे बाळ बघायला येईपर्यंत करंगळीखाली मसुरीएवढी गाठ तेवढी उरली. घरात आधीची कीर्ती होती, मागून आणखी पोरी झाल्या असत्या. त्यांच्यात बोटं जादा येतात असं चार घरांत झालं की सोयरीक कोण करणार? चंपाबाईनं एवढाच विचार केला. बोट गेलं, गोष्ट संपली असं तिला वाटलं.

दुसरी चूक कुणी केली असंसुद्धा म्हणता येत नाही. मगदूम जैन. सूर्य मावळायच्या आत घरातली जेवणं उरकलेली, त्यानंतर ताट नाही की चूल नाही. शेजारच्या घरांत पोरं दिवाबत्तीनंतर पंगतीला बसायची. मगदुमांचा पारस तोवर अंथरुणात असायचा. त्यामुळं अंधूक उजेडात या पोराला ताटातली भाकरीसुद्धा दिसत नाही हे घरात वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. इतकं धर्मानं वागणारं घर, आणि त्या वागण्यानंच पोराचा आजार झाकून ठेवला. पारस शाळेच्या वरच्या वर्गांत गेल्यावर एकदा संध्याकाळी बेदाण्याच्या शेडमध्ये लोखंडी रॅकवर कपाळ आपटून पडला, तेव्हा कुठं वडील धन्यकुमार, म्हणजे पोरांचे अण्णा, आणि चंपाबाई त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेले.

डॉक्टरनं तपासून विचारलं, "जन्मताना काही व्यंग होतं का? हातापायाची बोटं वगैरे?"

"न्हाई वो," चंपाबाई म्हणाली, "समदं सरळ हुतं."

डॉक्टरनं डोळ्याच्या पडद्याचा आजार लिहिला आणि गोळ्या दिल्या. पोरगं सुटलंय ते खाण्यानं, असं सगळ्यांनी धरलं. मूत्रपिंडं कुणी तपासली नाहीत, कारण तपासायला कुणाला सुचेल असं काही चंपाबाईनं हाती लागू दिलं नव्हतं. पुढची सगळी वर्षं गोळ्या आणि चष्मे यांत गेली.

कीर्ती एम.एस्सी. करत होती तेव्हा ऋचा मॅडम शिकवायला आल्या. वाईच्या, बोलायला मऊ, कामाला कडक. एका तासाला त्यांनी पडद्यावर एका मुलाच्या हाताचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, जादा बोट, रातांधळेपणा, न भागणारी भूक आणि खराब होत जाणारी मूत्रपिंडं, हे सगळं एकत्र दिसलं की तंतूंचा वारशानं आलेला आजार मनात आणायचा. कीर्तीच्या हातातलं पेन तिथंच थांबलं. पारसचा हात धरून तिनं त्याला शाळेत नेलं होतं. ती मसुरीएवढी गाठ तिच्या बोटांना पाठ होती.

ती त्याच शनिवारी घरी गेली. चंपाबाई सोप्यात बेदाण्याच्या काड्या काढत बसली होती.

"आई, पारसला जन्मताना जादा बोटं हुती का?"

चंपाबाईनं मूठभर बेदाणे पाखडले, फुंकले, बाजूला केले. मग म्हणाली, "व्हय. हुती."

"मग डॉक्टरनं इचारलं तवा का न्हाई सांगितलंस?"

"तुज्यासाठी," चंपाबाई म्हणाली. "पद्माआत्याच्या कानावर गेलं असतं तर तिच्या भरतेशशी तुजं लगीन मोडलं असतं."

कीर्तीला आईचा संताप आला आणि आईचा गळा धरून रडावंसंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. पारसला ऋचा मॅडमांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. मूत्रपिंडं तोवर निम्म्यावर आली होती. मॅडमांनी पारसची संमती घेऊन त्याच्या कातडीचा तुकडा घेतला आणि शिक्षण संपल्यावर कीर्तीला प्रयोगशाळेत नोकरी दिली. आपल्या माणसाच्या पेशी आपण बघू नयेत असं त्या एकदा म्हणाल्या होत्या, पण बघायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढं पारसच्या पेशींचे फोटो परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आले. मॅडमांनी पेढे वाटले. कीर्तीनं घरी जाऊन पारसला सांगितलं.

"माजं नाव हाय त्यात?"

"न्हाई. नंबर हाय."

"आणि आवशद?"

"आवशद आजून न्हाई. पण बिघाड कुटं हाय ते कळलं. ते प्रथिन तंतूच्या मुळाशी जात न्हाई ते आपण दाखवलं."

"आसं," पारस म्हणाला. तो भिंतीला टेकून कानाला मोबाइल लावून क्रिकेटचं समालोचन ऐकत होता. "म्हंजे आता मी आंधळा का झालो ते तिकडं समद्यास्नी कळलं. लय बरं झालं."

असं बोलायचा तो. डोळ्यांतला उजेड जात चालला तशी जिभेला धार येत गेली, आणि त्याचं चूक होतं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लग्नाचं असं होतं. धन्यकुमारांनी स्वतः मामाची मुलगी केली होती. चंपाबाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या मामाची लेक. त्यांची बहीण पद्मा कृष्णाकाठच्या गावात दिलेली, बागायतदाराच्या घरात, आणि तिला एकच मुलगा, भरतेश. दादाची थोरली माझ्या भरतेशला, हे पद्माआत्यानं केव्हाच जाहीर करून टाकलं होतं. भावाची लेक घरात आणायचा तिचा हक्कच होता, तसा तो त्या भागातल्या कितीतरी घरांत असतो. यात कुणी कीर्तीला विचारलं नाही, हे खरं. पण विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, हेही तितकंच खरं. भरतेश तिला आवडायचा. साधा आवडायचा नाही, जीव टाकावा असा आवडायचा.

भरतेशचं सांगलीत ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. दुकान बंद करून तो मोटरसायकलवरून कॉलेजच्या फाटकाशी यायचा, मग दोघं कोपऱ्यावरच्या गाड्यावर भडंग खायची. लग्नाआधी फिरायचं कसं असली शंका कुणी काढली नाही, घरचंच पोरगं. त्याला बोलता यायचं, ऐकताही यायचं, आणि ऐकता येणारा पुरुष म्हणजे काय चीज असते ते ज्यांना मिळत नाही त्यांना विचारावं.

एवढं सगळं सरळ असताना कीर्तीनं गप्प बसावं ना! लग्नाला सहा महिने राहिले होते. पण रोज पारसच्या पेशी बघणाऱ्या पोरीला हिशेब चुकवता येत नव्हता. पारसला त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या, एक अण्णांकडून, एक आईकडून. अण्णांत ती आहे, म्हणजे त्यांच्या बहिणीतही असू शकते. आत्यात असली तर भरतेशमध्ये असू शकते. आणि खुद्द कीर्तीत असण्याचीच शक्यता जास्त. ती भरतेशला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली आणि सूक्ष्मदर्शकाचा पडदा सुरू केला.

"हे कुणाचं?"

"निरोगी माणसाचं."

"आणि हे?"

"पारसचं."

भरतेश पुढं वाकला. बराच वेळ बघत राहिला. "हे हिरवं पार उधळलंय की गं सगळीकडं."

"उधळलंय. तयार होतं, पण जाग्यावर जात न्हाई."

"माजं कसं असंल?"

"तुझंही ठीक दिसंल, माझंही. एक प्रत चांगली असली तरी पुरते, ठिपका बसतो जाग्यावर. अशा माणसाला काही होत नाही, म्हातारं होईस्तोवर कळतसुद्धा नाही. पण दोघांकडंही एकेक बिघडलेली असली, आणि पोराला नेमक्या त्या दोन्ही गेल्या, तर..."

"तर पारस," भरतेश म्हणाला.

"चारात एक."

त्यानं शर्टाची बाही वर सारली. "काढ की मग रक्त. बघून तर घेऊ."

कीर्तीला त्या क्षणी वाटलं, असा माणूस मिळायला भाग्य लागतं. तिनं त्याचं, स्वतःचं आणि धाकटी बहीण राणी हिचंही रक्त पुण्याला पाठवलं. राणीचं पाठवायची काही गरज नव्हती. पण भावाला आजार, म्हणजे बहिणीनंही एकदा बघून घेतलेलं बरं, असं थोरलेपण तिला सुचलं. त्या थोरलेपणाला तिनं पुढं फार शिव्या दिल्या.

निकाल ऋचा मॅडमांनी समोर बसवून सांगितला. कीर्ती आणि भरतेश दोघंही वाहक. दोघांतही सारखाच बिघाड, दोनांतली एक प्रत. राणीत काहीच नाही. "कीर्ती, लग्न करता येत नाही असा याचा अर्थ नाही," मॅडम म्हणाल्या, "गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्यात होते." कीर्तीनं मान हलवली, अंधाऱ्या खोलीत जाऊन दार लावलं आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

पुढच्या रविवारी सगळे गावच्या घरी सोप्यात बसले. अण्णा, आई, आत्या, भरतेश, राणी, आणि भिंतीशी पारस. कीर्तीनं जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. आम्ही दोघं लग्न करू. दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यात तपासून घेऊ. चारात तीन वेळा मूल चांगलंच असेल.

"आणि चौथ्यांदा?" आत्यानं विचारलं.

कीर्तीनं निकालाच्या कागदाची घडी घातली.

"बोल की. चौथ्यांदा काय करायचं? पाडायचं?" आत्याचा आवाज चढला. "आमी दिवस बुडल्यावर पाणीबी पीत न्हाई, जीवजंतू पोटात जाईल म्हणून. आणि तू घरात येयाच्या आदीच पोटातलं मारायची भाषा करतीस?"

"पद्मा, अगं तिचं सगळं आयकून तरी घे," धन्यकुमार म्हणाले. पण त्यांचा आवाज असा होता, की त्यांनाच पुढचं ऐकायचं नव्हतं.

तेवढ्यात पारस बोलला. "कीर्ते, मी पोटात हुतो तवा ही तपासणी असती, तर?"

 चंपाबाईनं पदर तोंडाला लावला.

"सांग की. ठिवलं असतंस का मला?"

कीर्तीनं त्याला जन्मभर खोटं सांगितलं नव्हतं. रस्त्यात खड्डा आहे की नाही, ताटात भाजी कुठं आहे, डोळे परत येतील का, सगळ्याची तिनं खरी उत्तरं दिली होती. ती म्हणाली, "मला माहीत न्हाई, पारस."

दुसऱ्या कुणीही "ठेवलं असतं" म्हणून वेळ मारून नेली असती. कीर्तीला ते जमलं नाही, आणि त्या तीन शब्दांनी ती घरात परकी झाली. चंपाबाई हुंदका देऊन आत गेली. अण्णा उठून शेडकडं चालते झाले. भरतेश चटईची काडी सोलत बसला होता. तो एकदा "आई, पण" एवढं म्हणाला आणि आत्यानं बघितल्यावर पुन्हा काडी सोलायला लागला.

आत्या मात्र बसून राहिली. तिच्या डोक्यात गणित चाललं होतं. थोड्या वेळानं तिनं अगदी सहज विचारलं, "राणीचंबी रगत तपासलं म्हणं. तिच्यात काय निगालं?"

"तिच्यात काहीच न्हाई," कीर्ती म्हणाली. "तिच्यात न्हाई, म्हणून तिच्या मुलांना हा आजार व्हायचा न्हाई. नवरा कसाही असला तरी."

हे तिनंच सांगितलं. कुणी वदवून घेतलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायची तिला खोड होती.

महिना उलटायच्या आत पद्माआत्या राणीला मागणी घालून गेली. भावाची लेक घरात आणायची ती आणायचीच. थोरली नाही तर धाकटी. आणि यात आता तर विज्ञानही तिच्या बाजूचं होतं. आत्या गावभर सांगत सुटली, आमी पोरगी तपासून केली. सासूबाई इतक्या सुधारलेल्या बघून लोकांना कौतुक वाटलं.

भरतेश एकदा फाटकाशी येऊन गेला. मोटरसायकल त्यानं बंद केली नाही.

"आई आयकत न्हाई," तो म्हणाला.

"आणि तुझं काय म्हणणं हाय?"

"माजं काय. घरात ठरंल ते."

"त्या दिवशी बाही वर करताना घरात इचारलं हुतंस?"

त्यानं हँडलची मूठ उगाच पिळली. मग म्हणाला, "पोर धडधाकट पायजे का नको, कीर्ती? तूच दाखवलंस ना मला ते."

  तिनं दाखवलं होतं, त्यानं बघितलं होतं, आणि त्याला बरोबर समजलं होतं. तिच्या आयुष्यात तिचं म्हणणं इतकं नीट समजलेला तो एकटाच माणूस, आणि ते समजून तो तिच्या बहिणीशी लग्न करायला निघाला होता.

राणीसुद्धा आली. साड्यांची खरेदी झाल्यावर आली. "ताई, मी नगं म्हनू का? तू सांग," ती म्हणाली आणि रडायला लागली. एकवीस वर्षांची पोर. तिला भरतेश आवडतही नव्हता आणि नावडतही नव्हता, तिला घर मोठं मिळत होतं. कीर्तीनं तिचे डोळे पुसले. नको म्हण असं तिला ओरडून सांगायचं होतं. "मोती रंगाची साडी घेतलीस का?" असं तिनं विचारलं, आणि लग्नात सगळ्यांत जास्त राबली तीही तीच. लोकांना तिचं मन किती मोठं वाटलं. मन मोठंबिठं काही नव्हतं. हात थांबले की ती कोसळली असती, म्हणून ती पंगतीत वाढत होती.

त्यानंतर कीर्तीला स्थळं आली नाहीत असं नाही. साताऱ्याचा एक बँकेतला मुलगा येऊन बसला. चहा झाल्यावर त्याच्या आईनं विचारलं, आत्याच्या घरानं थोरलीला सोडून धाकटी कशी केली? कीर्तीनं सरळ सांगितलं. कागदावर दोन रेघा काढून दाखवलं, की एक प्रत चांगली असली की पुरते, मी ठणठणीत आहे, मुलगा वाहक नसला तर मुलांना काही धोका नाही, आणि तुमच्या मुलाची तपासणी मी करून घेईन. बाई ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे आमच्या मुलाची तपासणी? त्याला काय झालंय?" ते लोक पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणी, हे एकाचं दुसऱ्याला लागतं का, असं विचारलं. तिसऱ्या ठिकाणी काहीच विचारलं नाही, आणि पुढं निरोपही आला नाही. मग चंपाबाई म्हणाली, "तुज्यासाठी मी पोराचा रोग लपवला, आणि तू सवताचं सवता चव्हाट्यावर मांडलंस." हे बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कीर्तीला सोसलं असतं.

पारसला तिनं सांगलीला आपल्या खोलीवर आणलं. मूत्रपिंडं आता पुरी थकली होती आणि सांगलीत डायलिसिस जवळ पडतं, हे कारण. दुसरं कारण कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी धरून चाललं होतं: हिचं आता काय होत नाही, तर हिनंच बघावं. आठवड्यातून दोनदा ती त्याला रिक्षात घालून न्यायची आणि तिथून प्रयोगशाळेत जाऊन त्याच्याच पेशींना खायला घालायची किंवा उपाशी ठेवायची. सोप्यातल्या त्या "ठिवलं असतंस का" या प्रश्नावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. पारस फक्त कधीतरी जेवताना म्हणायचा, "वाढ की गं, आता मी हायेच म्हटल्यावर."

राणीला मुलगा झाला. गोरा, वजनदार, हातापायाला दहा-दहा बोटं. आत्यानं पहिल्या दिवशी सगळ्यांच्या समोर मोजून घेतली. पोराच्या उष्टावणाला कृष्णाकाठच्या घरी मांडव घातला होता. उन्हं कलायच्या आत पंगती उठवायच्या म्हणून धावपळ चाललेली, आणि कीर्ती जिलेबीचं ताट घेऊन बायकांच्या पंगतीत वाढत होती. पारसला तिनं मांडवाच्या खांबाशी खुर्चीत बसवलं होतं. भरतेश पोराला खांद्यावर घेऊन पाहुण्यांत फिरत होता.

चिकोडीकडची एक लांबची पाहुणी कीर्तीकडं बघून आत्याला म्हणाली, "ही तुमच्या भावाची थोरली ना? किती कामाची हाय! हिचं आजून का जमलं न्हाई वो?"

आत्यानं आवाज बारीक केला, पण पंगतीला ऐकू जाईल इतपतच. "कसं जमंल? तपासणीत दोष निगाला तिच्यात. रगतातच हाय. आमी आदीच बघितलं म्हणून वाचलो बगा. न्हाईतर हे लेकरू तसं झालं असतं."

पाहुणीनं "अरिहंत, अरिहंत" म्हटलं आणि पानातली जिलेबी, जी कीर्तीनं नुकतीच वाढली होती, ती बोटानं जराशी कडेला सारली.

कीर्ती आजवर किती ठिकाणी गप्प बसली होती. त्या जिलेबीनं मात्र तिचं डोकं फिरलं. ती ताट हातात घेऊन तिथंच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आत्या, दोष म्हणत असशील तर तो माझ्यात जेवढा हाय तेवढाच भरतेशमधी हाय. तसूभर कमी न्हाई, तसूभर जास्त न्हाई. दोघांचा निकाल एकाच दिवशी आला. बाळ चांगलं झालं ते राणीमुळं. भरतेशला इचारा, हा काय तिथं उभा हाय."

पंगत थांबली. राणी दारात येऊन उभी राहिली. भरतेशनं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तो चार पावलांवर होता. त्यानं तो पडदा बघितला होता, हिरवं कुठं असावं आणि कुठं सांडलंय ते डोळ्यांनी बघितलं होतं. "तर पारस" हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले होते. त्या मांडवात शेकडो माणसं होती, आणि कीर्ती बोलली ते खरं आहे हे ज्याच्या तोंडून पंगत मानेल असा तोच एक होता. "व्हय, माज्यातबी हाय" एवढे शब्द पुरले असते. कीर्ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला त्याच्याकडून आता दुसरं काही नको होतं.

पद्माआत्यानं कपाळावर हात मारला. "आगं बया, काय बोलतीस तू! पुरुषाच्या जातीला कसला आलाय दोष?"

पाहुणीला आधी हसू फुटलं. मग शेजारणीला, मग सगळ्या पंगतीला, दारातल्या राणीलासुद्धा. आणि पोराला थोपटत भरतेशही हसला.